आढीत घातलेली द्राक्षं

जगात पिकत नाही अशी एकही गोष्ट नाही, फक्त तिला भाताच्या पेंढ्यात नीट घालता आली पाहिजे, यावर आमच्या व्याह्यांचा जेवढा विश्वास आहे तेवढा माझा उद्याच्या सूर्योदयावरही नाही. व्याही म्हणजे माझ्या लेकीचे सासरे. रत्नागिरीहून जयगडच्या रस्त्याला लागलं की तासाभराच्या आत त्यांची हापूसची बाग येते, आणि सत्तरी उलटून गेली तरी ते त्या बागेत सकाळी सहाला हजर असतात. आंबा झाडावर पूर्ण पिकू द्यायचा नाही, तो चौदा आणे तयार झाला की उतरवायचा आणि उरलेले दोन आणे माळ्यावर पेंढ्याच्या आढीत पिकवायचे, हा तिथला रिवाज. व्याह्यांनी तो आंब्यापुरता ठेवला नाही. ते माणसंही आण्यांत मोजतात. लग्नाची बोलणी करायला मी पहिल्यांदा त्यांच्या ओटीवर बसलो आणि मुलाची चौकशी केली, तेव्हा दुसऱ्या एखाद्या बापानं शिक्षण सांगितलं असतं, नोकरी सांगितली असती. हे म्हणाले, "तुमची मुलगी सोळा आणे. आमचा पोरगा चौदा. पण घाबरू नका, लग्न झालं की माणूस दोन आणे पिकतोच." मग माझ्याकडे नीट निरखून बघत म्हणाले, "तुम्ही मात्र जरा जास्त दिवस आढीत राहिलात, व्याहीबुवा." मी नाशिकच्या एसटी स्टँडवर बत्तीस वर्षं वाहतूक नियंत्रक होतो, लोकांचं बरंच ऐकून घ्यायची सवय होती. लग्न मी त्याच बैठकीत पक्कं केलं.

दर मे महिन्यात त्यांच्याकडून आंब्याची पेटी येते आणि पेटीत एक कागद असतो. वरच्या थरातले बुधवारी खायचे, मधले शनिवारी, तळातल्या डाव्या कोपऱ्यातले दोन सोमवारी दुपारच्या जेवणानंतर, त्याआधी हात लावायचा नाही. मी वेळापत्रकावर जगलेला माणूस, मला हा कागद फार आवडतो. पण व्याही कागदावर थांबत नाहीत. सोमवारी दोनच्या ठोक्याला फोन वाजतो. "कोपऱ्यातले खाल्लात?" "आत्ता बसतोय." "अजून बसताय? उशीर झाला की हो!" आणि ते इतक्या कळवळ्यानं बोलतात, की तो आंबा मी उभ्याउभ्या खातो.

हवामान खात्यावर त्यांचा विश्वास नाही. जयगडला त्यांचे एक मच्छीमार मित्र आहेत, त्यांना रोज सकाळी फोन करून "वारा कुठचा?" एवढंच विचारतात आणि त्यावर दिवस ठरवतात. झाडांशी बोलतात, पण गोड नाही, खेकसून. यंदा धरलं नाही अशा कलमाखाली उभं राहून त्यांनी त्या कलमाचे आईबाप काढलेले मी स्वतः ऐकले आहेत. ते कलम पुढच्या वर्षी लगडलं, हे सांगायला ते विसरत नाहीत.

या माणसाच्या घरी माझी लेक द्राक्षाच्या काड्या घेऊन गेली. तिची आई ती बारावीत असताना गेली, तेव्हापासून घरी आम्ही दोघंच. लेक वाइन करायचं शिकली, नाशिकच्या एका वायनरीत चार-पाच वर्षं तिनं काम केलं, आणि लग्न झाल्यावर सासरी जाताना भांड्याकुंड्यांबरोबर वेलींच्या काड्यांच्या मोळ्या बांधल्या. कोकणात द्राक्ष होत नाही, हे तिला सगळ्यांनी सांगितलं. व्याह्यांनीही सांगितलं. "ज्याला आपल्या पायावर उभं राहता येत नाही त्याला झाड कसं म्हणायचं, बाय?" असं विचारून, दुसऱ्याच दिवशी त्यांनी तिच्यासाठी काजूचे दोन कुणगे, म्हणजे जमिनीचे तुकडे, मोकळे केले, एक खाली व्हाळाकाठी, ओढ्याच्या कडेला, आणि एक वर कातळावर. कातळात खड्डे मारून त्यात माती भरून घेतली, पावसाळ्यात वेलींवर प्लास्टिकचं छत घातलं, आणि तीन वर्षं त्या वेलींवर रोज खेकसले. आंबे भरायच्या शेडमध्ये लेकीनं स्टीलच्या टाक्या बसवल्या. व्याही दारूच्या थेंबाला शिवत नाहीत, चहासुद्धा अर्धा कप घेतात, पण त्या शेडमध्ये जाताना चपला बाहेर काढतात, पाय धुतात आणि आत गेल्यावर कुजबुजत बोलतात. का, असं विचारलं तर म्हणतात, "आत निजलेलं असतं हो. कशाला उठवा?" वाइन हा शब्द ते उच्चारत नाहीत. त्याला ते 'सूनबाईचं लाल' म्हणतात.

जावई दूर लोटे गावच्या कारखान्यात पाळीनं काम करतात, रविवारी घरी येतात. तेव्हा बाग, टाक्या आणि व्याही हे सगळं लेकीच्याच अंगावर. तिनं स्वतःच एक अट घालून घेतली होती. जुन्या वायनरीतल्या साहेबांनी तिच्यासाठी एक जागा त्या वर्षीच्या दिवाळीपर्यंत राखून ठेवली होती. पहिल्या हंगामाची लाल वाइन जमली तर रत्नागिरी, नाही जमली तर पुन्हा नाशिकची नोकरी. म्हणजे नवरा लोट्याला, सासूसासरे बागेत आणि ही नाशकात. हे काही धड नव्हे, ते मला कळत होतं. पण ती नाशकात आली असती तर माझ्या घरापासून वीस मिनिटांवर असती, हेही मला कळत होतं. तेव्हा त्या वर्षी मी कुठल्या बाजूनं देवाला हात जोडत होतो, ते विचारू नका.

फेब्रुवारीत व्हाळाकाठची द्राक्षं तयार झाली. रत्नागिरीच्या उन्हानं ती नको तेवढी गोड झाली आणि टाकीत त्यांची जी वाइन व्हायला लागली ती जड आणि सपक. लेक म्हणाली, काळजी नाही, कातळावरची अजून बारा दिवस वेलीवर राहतील, ती नेमकी साधली की दोन्ही मिसळता येतील. सगळी भिस्त कातळावर. आणि नेमक्या त्याच आठवड्यात माझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख आली. मी नको म्हटलं तरी ती तीन दिवसांसाठी नाशिकला आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी व्याह्यांचा फोन. लेक औषधं आणायला खाली गेली होती.

"व्याहीबुवा, डोळा कसा?"

"ठीक आहे."

"मग ऐका, आणि बायला सांगू नका, आल्यावर बघू दे तिला. जयगडवाल्यानं सांगितलंन, पाणी पडणार. आमचा मोहोर गेला तर गेला, पण तिची द्राक्षं कशी जाऊ देऊ? सगळे गडी लावले नि काल दिवसभरात कातळावरची सगळी उतरवली. अगदी चौदा आणे होती! माळ्यावर पेंढ्यात घातलीत. ती येईपर्यंत बघा कशी होतात."

मी निफाडकडचा. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, की द्राक्ष एकदा तोडलं की पिकत नाही. ते तोडलं तेवढंच राहतं, आणि मग सडतं.  आता जे सांगतोय ते सांगायची लाज वाटते, पण पहिल्या क्षणाला मला बरं वाटलं. लेक घरी येणार, असं मनात आलं. दुसऱ्या क्षणाला ज्या डोळ्यावर पट्टी नव्हती त्यातून पाणी आलं. तीन वर्षं राबलेल्या पोरीचं नुकसान ऐकून ज्याला बरं वाटतं तो कसला बाप! ती जिना चढून आली तशी मी तिला सगळं सांगून टाकलं. तिनं औषधांची पिशवी ठेवली आणि पहाटेच्या गाडीची चौकशी केली. तिनं पट्टी उतरवून घ्यायला मला डॉक्टरांकडे नेलं, आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं आम्ही निघालो. तुम्ही थांबा, असं ती म्हणाली, पण काळा चष्मा लावून मी तिच्या आधी गाडीत बसलो होतो. 

व्याही फाटकात उभे होते, चेहरा नुसता फुललेला. "चल, चल, माळ्यावर चल," म्हणत त्यांनी आम्हाला वर नेलं. मी खूप द्राक्षं पाहिली आहेत, पण इतकी जपून ठेवलेली पाहिली नाहीत. पेंढ्याचा थर, त्यावर एकेक घड देठ वर करून निजवलेला, त्यावर पुन्हा पेंढा. एक मणी फुटलेला नव्हता. लेकीनं एक मणी तोंडात टाकला, डोळे घट्ट मिटले, आणि मग तिनं जो आवाज लावला तो बागेच्या पार टोकाला गेला असेल.

"अण्णा! हा काय आंबा आहे? तोडल्यावर द्राक्ष पिकत नाही! कुणाला विचारलंत? हातात फोन होता ना? बापाला माझ्या फोन करता येतो, मला नाही करता येत?"

 स्टँडवर मी हजार भांडणं पाहिली, पण सुनेनं सासऱ्याला असं बोललेलं पाहिलं नव्हतं. आता सोयरीक मोडते की काय, असं वाटलं. व्याह्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि ते पेंढ्यावर मटकन बसले. उभ्या आयुष्यात आपलं चुकलं असं न म्हटलेला माणूस खाली बघून म्हणाला, "चुकलो गो बाय. मला वाटलं, सगळंच पिकतं."

 तेवढ्यात खालून विहीणबाईंचा आवाज आला, "ह्यांना मी चाळीस वर्षं पेंढ्यात घालून ठेवलंय, अजून कच्चेच आहेत!"

लेकीला रडू येत होतं, त्यातच तिला हसू फुटलं. तिनं ओढणी कमरेला बांधली आणि म्हणाली, "आता निस्तरा. बसा पेंढा वेचायला. एक काडी टाकीत गेली तर बघा." मग व्याही, विहीणबाई, बागेतले नेपाळी गडी आणि एकाच डोळ्यानं बघणारा मी, असे आम्ही दिवसभर घडांतल्या काड्या वेचत बसलो. सासरा-सून मध्येच तणतणत होते, मध्येच एकमेकांना पाणी देत होते. संध्याकाळपर्यंत सगळी द्राक्षं टाकीत गेली. पाऊस म्हणाल तर त्या आठवड्यात एक थेंब पडला नाही. जयगडच्या मित्राला व्याह्यांनी चार दिवस फोन केला नाही, हीच त्यांनी त्याला दिलेली शिक्षा.

कातळावरच्या द्राक्षांची वाइन झाली ती फिकट, पातळ आणि अशी आंबट की चव घेताच लेकीनं तोंड वेडंवाकडं केलं. सगळा पावसाळा मी नाशकात बसून काळजी करत होतो, आणि व्याही फोनवर दर आठवड्याला कुजबुजत होते, "अजून निजलंय."

गणपती गेल्यावर लेकीनं मला बोलावून घेतलं. दोन्ही वाइन मिसळून बघायचा दिवस होता. टेबलावर मापाच्या काचेच्या नळ्या, ग्लास, वही. ती एक घोट घ्यायची, तोंडात खेळवायची आणि बादलीत थुंकायची. व्याही उंबऱ्यात उभे होते, त्यांना ते बघवेना. "एवढं करून थुंकतेस?" असं दोनदा विचारून झालं. मग म्हणाले, "आंबट कुठलं?"

"तुमचं."

"नि सपक?"

"माझं."

"मग आमटी सपक झाली तर काय करतो आपण? आमसूल टाकतो. पण एकदम नाय, एकेक."

"तेच करतेय अण्णा. गप्प बसा जरा."

तिनं नऊ भागाला एक घातलं, थुंकली. आठाला दोन घातलं, थुंकली, वहीत काहीतरी लिहिलं. मग साताला तीन. घोट घेतला, तोंडात फिरवला, खिडकीतून बाहेर बघत राहिली. बादलीकडे वाकली नाही. तिचा गळा हललेला मला दिसला, पण माझ्या आधी व्याह्यांना दिसला.

"गिळलंन!" जन्मात पहिल्यांदा ते त्या शेडमध्ये ओरडले. "व्याहीबुवा, बायनं गिळलंन!"

"जमलं," लेक म्हणाली. दोघांचे दोष एकमेकांत मिटले होते, तिच्या गोडातला जडपणा त्यांच्या आंबटानं उतरला होता. तिनं मलाही घोटभर दिली. मला त्यातलं काही कळत नाही, पण जिभेला बरी लागली आणि दुसरा घोट मागून घ्यावासा वाटला. तिनं तिथेच उभ्यानं जुन्या साहेबांना फोन लावला आणि मी येत नाही, जागा दुसऱ्या कुणाला द्या, असं सांगितलं. मी आंब्याच्या एका रिकाम्या क्रेटवर बसलो. फेब्रुवारीतल्या त्या एका क्षणापासून छातीवर जे बसलं होतं ते उतरलं. माझ्या मनातली वाईट इच्छा देवानं ऐकली नव्हती. इतकं सुटल्यासारखं मला निवृत्तीच्या दिवशीही वाटलं नव्हतं. व्याही एव्हाना गड्यांना गोळा करून सांगत होते, "तरी मी म्हणत होतो, पेंढ्यात घातलेलं कधी फुकट जात नाय!" विहीणबाई कपाळाला हात लावून आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघालो. पिशवी घेऊन अंगणात आलो तर लेक एका कलमाखाली कमरेवर हात ठेवून उभी होती आणि वर फांदीत व्याही होते. "उतरा म्हणते ना! गुडघा दुखतो म्हणून रात्रभर कण्हायचं नि सकाळी झाडावर? विळ्याची मूठ द्या आधी माझ्याकडे. लाज नाही वाटत या वयात?" ते मुकाट्यानं उतरत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते मला पुरतं ओळखीचं होतं. बारा-तेरा वर्षं ती माझ्यावर अशीच ओरडायची. औषध घेतलं नाही म्हणून, स्वेटर घातला नाही म्हणून, कुणाच्या तरी लग्नात दोन जिलब्या जास्त खाल्ल्या म्हणून. मी शेजाऱ्यांकडे तक्रार करायचो, की पोरीची जीभ फार तिखट आहे.

मला बघून ती पुढे आली. माझ्या हातातली पिशवी घेतली. "बाबा, पाण्याची बाटली घेतलीत ना? सावकाश हं, इथे चिरा जरा उंच आहे," असं म्हणाली आणि माझा हात धरून मला पायरी उतरवली. पोर तिथे रुजली, याहून अधिक मला काही नको आहे, आणि हे मी अगदी मनापासून म्हणतो. फक्त माझ्याशी ती आता फार हळू बोलते.