नाडी बघायला शिकले तो उन्हाळा

बारावीची परीक्षा संपली आणि मी घरात सांगून टाकलं, मला नर्सिंगला जायचंय. माय म्हणाली, "कोंबडी कापताना तू गल्लीच्या टोकाला पळतेस." ते खोटं नव्हतं. मग तिनेच तोड काढली. शिंदखेड्यात आमच्या मागच्या गल्लीत एका डॉक्टरीणबाईंचं बाळंतपणाचं छोटं हॉस्पिटल होतं. माय मला तिथे घेऊन गेली. "बाई, उन्हाळाभर हिला ठेवून घ्या. टिकली तर पाठवू धुळ्याला नर्सिंगला."

तिथल्या सिस्टर कडक होत्या. पहिल्याच दिवशी बेडपॅन उचलायला लावलं. मी नाकाला ओढणी बांधली, तर म्हणाल्या, "पेशंटला काय वाटेल? सोड ती." सोडली. बेडपॅन धुऊन ठेवलं, पळाले नाही, आणि त्याचाच इतका आनंद झाला की घरी उड्या मारतच गेले.

पुढे त्यांनी नाडी बघायला शिकवलं. अंगठा नाही, तीन बोटं ठेवायची, नजर सेकंदकाट्यावर. मला वेडच लागलं. वडिलांचं घड्याळ मी मनगटावर चढवलं आणि घरीदारी जो भेटेल त्याचा हात धरायला लागले. शेजारच्या अक्का मला पाहिलं की हात पदराखाली घ्यायच्या.

एका दुपारी नुकतीच बाळंत झालेली एक बाई शांत पडून होती. सिस्टर पलीकडच्या खोलीत होत्या. मी सवयीने तिचं मनगट धरलं. हात गार, घामेजलेला. नाडी इतकी पळत होती की मोजता येईना.

"काय होतंय?" मी विचारलं.

"काही नई. झोप यी ऱ्हायनी," ती अहिराणीत पुटपुटली; झोप येतेय म्हणे.

मी धावत जाऊन सिस्टरांना सांगितलं. त्यांनी येऊन चादर उचलली. खालची गादी रक्ताने भिजली होती. रक्त थांबावं म्हणून त्यांनी तिचं ओटीपोट जोरात दाबायला, चोळायला सुरुवात केली. "बाईंना बोलाव, पळ!" डॉक्टरीणबाई वरच्या मजल्यावरून जेवण टाकून आल्या. इंजेक्शन दिलं, सलाईन लागलं. "तू नाडी सोडू नको," त्या मला म्हणाल्या. मी तिथेच उभी राहिले. बऱ्याच वेळाने नाडी माझ्या बोटांखाली संथ होत गेली, तेव्हा माझीच छाती धडधडत होती.

"वेळेवर सांगितलंस," सिस्टर एवढंच म्हणाल्या.

घरी मी हे तीनदा सांगितलं. वडिलांची भाकर ताटात तशीच राहिली. जेवण झाल्यावर मायने माळ्यावरची ट्रंक खाली काढली आणि पुसायला बसली.

सकाळी मी वेळेआधीच हॉस्पिटलात पोचले. ती बाई उशीला टेकून बाळाला पाजत होती. मला पाहून म्हणाली, "बाई, च्या भेटी का?"

मी चहा आणायला पळाले.