शुभेच्छुकांची ओळ

पोटासाठी मी लग्नाचे फोटो काढतो. नवरी उडी मारतेय, नवरा बुलेटवर, वरून ड्रोन. असलं काही टाकलं की लाइकांवर लाइक. आणि मनापासून काढलेलं टाकलं की सगळं गाव झोपलेलं!

मनापासून काढतो ते जुने फ्लेक्स. आमच्या कोल्हापुरात कुणा साहेबांचा वाढदिवस आला की चौकाचौकात एकाच छापाचे फ्लेक्स लागतात. वर हात जोडलेले साहेब, खाली शुभेच्छुकांची ओळ, एकेकाचं तोंड बशीएवढं. वाढदिवस उरकला की कुणीतरी तो उतरवून गोठ्यावर नाहीतर वैरणीवर टाकतो. तिथून पुढं त्याचं काय होतं, ते मला बघायचं असतं. कागलकडच्या एका गोठ्यावर असाच गुलाबी फेट्यातल्या साहेबांचा फ्लेक्स सापडला. मी साहेब सोडले आणि फक्त खालची ओळ घेतली. फोकस पुढच्या म्हशीच्या शिंगावर, मागची तोंडं मुद्दाम धूसर. आपल्याला तर जाम आवडला.

टाकला. एक मित्र म्हणाला, "साहेबांचं मुंडकं उडवलंस की रं! मार खातंस बघ." दुसऱ्यानं विचारलं, म्हैस विकायची हाय काय. बाकी कुणी ढुंकून बघितलं नाही. डोकंच फिरलं माझं. पण रागापेक्षा एक कोडंच जास्त छळायचं. माणसं नेमकी कशापाशी थांबतात? बोटानं फोटो सरकवताना त्यांच्या मनात काय चालतं? शेवटी ठरवलं, आता बास. हे सगळे फोटो काढून टाकायचे आणि गपगुमान नवऱ्या उडवायच्या.

त्याच आठवड्यात गडहिंग्लजकडच्या एका बाईंचा मेसेज आला. ओळख ना पाळख. "दादा, म्हशीच्या मागं गॉगल घातलेला त्यो माझा धाकटा भाऊ. कागलला एमआयडीसीत हुता. गाडीवरनं पडून गेला. त्याचा हसतानाचा एक बी फोटो न्हाय आमच्याकडं. जरा स्पष्ट मिळंल का?"

मी फोनच लावला. "ताई, एवढ्या धूसर फोटोत ओळखलं कसं?"

"न ओळखायला काय झालं? तुमचे सगळे फोटो बघते मी. लाइक-बिइक करत न्हाय, पर खालची तोंडं मोठी करून बघते. कुणाच्यातरी फ्लेक्सवर त्यानं फोटो दिल्ता, एवढंच ठावं हुतं."

मी तसाच कागलला गेलो. गोठ्यावर नवे पत्रे. "त्यो व्हय? उन्हानं फुटला, पेटवून दिला की," मालक म्हणाला. घरी येऊन त्या दिवशीचे सगळे फोटो धुंडाळले. प्रत्येकात शिंग लख्ख आणि पोरगं धूसर. कपाळावर हात मारून घेतला. ताईंना फोन करून सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "एकच कशाला छापत्यात? दुसऱ्या चौकातला कुठंतरी असंलच की. तुम्ही फिरता न्हवं?"

मग लग्नाच्या ऑर्डरींना जाता-येता मी गुलाबी फेटा शोधत राहिलो. फोटो काढून टाकायचं राहूनच गेलं. एकदा वारणानगरच्या रस्त्याला वैरणीच्या गंजीवर तो फेटा दिसला. उन्हानं पार विटलेला, पण तोच. खालची कड मात्र आत दुमडलेली. गाडी तिथंच लावली आणि गंजीभोवती फिरायला लागलो.

"काय बघताय, पावणं?" गंजीचा मालक आला.

"ती खालची कड जरा उलगडता काय?"

हे येडं कुठनं आलं, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसलं. पण उलगडली बिचाऱ्यानं. दुमडीत ऊन शिरलंच नव्हतं. वर साहेब पांढरेफटक, आणि खालची ओळ कालच छापल्यासारखी. त्यात तो गॉगल, आणि दात दिसेस्तोवर हसू.

शिंग नाही, काही नाही. समोर उभा राहून सरळ काढला, पासपोर्टला काढतात तसा. कुठंही टाकला नाही, फक्त ताईंना पाठवला. मग त्यांचा व्हॉइस मेसेज आला, आवाजावरनं हसतायत की रडतायत कळेना.

"गॉगल आमच्या ह्यांचा हाय, दादा. किती हुडकला हुता आम्ही! ह्यानं ढापल्याला, आज कळलं."