खिडकीपासून खाटेपर्यंत

"तो म्हणताऽ, जेवलीस काय?"

हे वाक्य दर रविवारी दुपारी आमच्या मजल्यावर घुमायचं. समोरच्या घरातले काका जिन्याच्या खिडकीत उभे असायचे. मोबाइल कानाला आणि तोंड स्वतःच्या उघड्या दाराकडे. आत खाटेवर काकी. अर्धांगवायूने त्यांची एक बाजू गेलेली, जीभ मात्र शाबूत. त्या आतून उत्तर द्यायच्या आणि काका ते दुबईतल्या मुलाला सांगायचे.

मरोळची आमची चाळ पाडून बिल्डरने सात मजल्यांची इमारत दिली आणि चहूबाजूंनी तिच्या दुप्पट उंचीच्या इमारती उभ्या राहिल्या. घरात मोबाइलला रेंज म्हणून नाही. तुमच्याही इमारतीत असेल असा एखादा कोपरा, जिथे सगळे फोन घेऊन धावतात. आमच्याकडे ती जिन्याची खिडकी, आणि रविवारी दुपारी ती काकांची. त्यांच्या मुलाने तिकडे काय खाल्लं, त्याला सर्दी झाली का, हे अख्ख्या मजल्याला पाठ. माझ्या दुपारच्या झोपेचं खोबरं व्हायचं, म्हणून मला त्या न पाहिलेल्या मुलाचा रागच यायचा.

शेवटी मी घरी वाय-फाय घेतलं. त्यावरून साधा फोनही घरात खणखणीत येतो हे कळल्यावर काकांना म्हटलं, "तुमचाही फोन जोडून देते. काकींना खाटेवरूनच मुलाशी बोलता येईल."

"नको गो. त्या डब्यातसून किरणां येतत. हिचा डोक्या आधीच नाजूक."

"अहो, भिंतीपलीकडे माझा डबा चालूच आहे ना."

"तरी नको."

हट्टी म्हातारा, असं मी घरी येऊन म्हटलंसुद्धा.

मग एका रविवारी लिफ्ट बंद होती. पिशव्या घेऊन जिने चढले आणि खिडकीपाशी धाप टाकत थांबले. काकांना कमी ऐकू यायचं, त्यामुळे फोनचा आवाज मोठा. पलीकडचं सगळं मला ऐकू आलं.

"बाबा, दर आठवड्याला तेच काय विचारता? नाही जमत यायला. आईला बाई ठेवा ना. चला, ठेवतो."

काकांनी तोंड दाराकडे वळवलं. "तो म्हणताऽ, आवशीक सांभाळा. गणपतीक येवक बघतंय."

"त्येका सांगा, धावपळ करू नको. तब्येतीक जप," आतून काकी म्हणाल्या.

फोन केव्हाच बंद झाला होता. काकांनी तो तसाच कानाशी धरून काकींचा निरोप मोठ्याने सांगितला. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "आता कळला मा, डबो कित्याक नको तो?"

मी मान हलवली. ते बरं करत होते की वाईट, हे मला आजही ठरवता येत नाही. पण त्या दिवशी मला त्यांची फार माया वाटली.

गेल्या वर्षी काका गेले. छातीत कळ आली आणि हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं आटोपलं. मुलगा आला, तेरावं केलं, काकींना सांभाळायला बाई ठेवली. आईशी थेट बोलता यावं म्हणून खाटेच्या वरच वाय-फाय बसवून परत गेला. तेवढं तरी केलं त्याने.

त्यानंतरच्या रविवारी मी मुद्दाम काकींकडे गेले. फोन वाजला, तो मी त्यांच्या कानाशी धरला. आवाज अगदी लख्ख.

"आई, गोळ्या घेतेस ना? बाईला त्रास देऊ नकोस. घाईत आहे, ठेवतो."

काकींनी मान माझ्याकडे वळवली. "ठेवल्यान पण? ह्यांच्याबरोबर कितको येळ बोलायचो. माझ्यार रागावलो काय गो तो?"

"नाही हो, रेंज गेली असेल," मी म्हटलं. "थांबा, बाहेर जाऊन लावून बघते."

खिडकीत जाऊन उभी राहिले. दार उघडं होतं, आत काकी कान देऊन होत्या. मुलगा काय म्हणाला म्हणून सांगू, ते मला काही केल्या सुचेना.