टिपाडभर पाणी घेऊन समुद्राला

नवऱ्याने जुन्या पिकअपचं घर केलं आणि ते दाखवायला आत्यांना अंगणात बोलावलं. त्यांनी आत डोकावून पाहिलं. पलंग, शेगडी, अंथरुणं, पिठाचा डबा. मग एवढंच विचारलं, "म्हंजे, पुन्हा तोडीला जायाचं?"

सासूला आमच्याकडे आत्या म्हणतात. माझ्या या आत्यांनी कितीतरी हिवाळे ऊसतोडीत घालवले. दिवाळी झाली की भांडीकुंडी, लेकरं, सगळं बिऱ्हाड ट्रकवर टाकायचं आणि फडाशेजारी उसाच्या वाळल्या पाल्याच्या, पाचटाच्या खोपीत जाऊन राहायचं. माझा नवरा अशाच एका खोपीत रांगायला शिकला. आता वडवणीत त्याचं वेल्डिंगचं दुकान आहे आणि आत्यांनी ऊसतोड सोडून बरीच वर्षं झाली. पण त्या गाव सोडून गेल्या त्या फक्त कामालाच. आईला एकदा तरी कामाशिवाय कुठे न्यायचं, हे नवऱ्याने मनावर घेतलं होतं. मोबाइलवर घरासारख्या गाड्यांचे व्हिडिओ बघितले आणि महिनाभर दुकानाकडे पाठ फिरवून हा उद्योग केला. हाताला गेट आणि खिडक्यांच्या जाळ्यांची सवय, त्यामुळे गाडी आतून थोडी तुरुंगासारखी झाली होती, पण मजबूत होती. आईच्या त्या एका प्रश्नाने बिचाऱ्याचं तोंड एवढंसं झालं. मला त्याची कीव आली आणि रागही आला. सुतासुताचं माप घेणारा हा माणूस, आईला यात काय दिसेल हे याला कळू नये?

"तोडीला न्हाई आत्या, समुद्र बघायला," मी म्हणाले.

"अन् तिथं काम काय?"

"काहीच नाही."

"मंग कशाला जायाचं?"

शेवटी त्या आल्या, पण आम्हाला सामान नीट भरता येणार नाही या खात्रीने आल्या. नवऱ्याने हौसेने केलेले सगळे खण त्यांनी रिकामे केले आणि गाडी नव्याने भरली. जड ते तळाला, शेगडी दाराशी, म्हणजे उतरल्या उतरल्या चहा. कोयता सीटखाली. आणि मधोमध दोनशे लिटरचं निळं टिपाड, काठोकाठ पाण्याने भरलेलं. "तिकडं पाणी लई हाय," नवरा म्हणाला. "लोकांच्या पाण्याचा काय भरवसा!" आत्या म्हणाल्या. आमच्या भागातल्या बाईशी पाण्यावरून वाद घालायचा नसतो.

आष्टी, नगर, मग पुण्याला वळसा घालून आम्ही घाटाला लागलो. टिपाड डुचमळायचं आणि प्रत्येक वळणाला मागून आत्यांचा आवाज यायचा, "हळू रे, सांडल!" एका वळणावर भल्या मोठ्या पिवळ्या चोचीचे दोन धनेश झाडावरून उडाले. त्यांच्या पंखांचा आवाज पार गाडीत आला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कड्यावरच्या रस्त्याला लागलो तर खाली काळे कातळ, त्यावर फुटणारा पांढरा फेस आणि पुढे नुसतं निळं, संपायचं नावच नाही. मी चाळिशीची बाई, शाळेत पोरांना गप्प बसवते, पण अशी किंचाळले की नवऱ्याने ब्रेकच मारला. इतका आनंद मला कशाचा झाल्याचं आठवत नाही.

आत्या खाली उतरल्यावर पाण्यापर्यंत गेल्या, ओंजळ तोंडाला लावली आणि थुंकल्या. "एवढं पाणी अन् एक घोट कामाचा न्हाई!" मग टिपाडाकडे बघितलं. त्या नजरेत सगळं आलं.

गाव कासवांचं होतं. त्या दिवसांत तिथे जाळीच्या कुंपणात राखलेल्या अंड्यांतून पिल्लं बाहेर येतात आणि गावकरी ती समुद्राकडे सोडतात. पण पिल्लांची वाट बघत बसणं आत्यांना जमेना. त्या लाकडं गोळा करायच्या, धुतलेली भांडी पुन्हा धुवायच्या. एका सकाळी बघते तर गाडीभोवतीची वाळू झाडत होत्या. वाळू! डोक्यावरून पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड गेला, तिकडे बघा म्हटलं तर झाडू न थांबवता म्हणाल्या, "बघितला." डॉल्फिन दाखवले तेव्हा तांदूळ निवडत होत्या. "काळे हायत," एवढंच. मी चिडून नवऱ्याला म्हणाले, तुमच्या आईला समुद्रावर आणलं काय आणि फडावर नेलं काय, एकच. मला नंतर वाईट वाटलं.

कदाचित त्यामुळेच तिसऱ्या दुपारी त्याने तो वेडेपणा केला. आईला पलंगावर बसल्या बसल्या समुद्र दिसावा म्हणून गाडी थेट वाळूत घातली. कासवांची राखण करणारे एक काका ओरडले, "अहो, पुळणीवर गाडी घालू नका, भरती येत्येय!" नवरा म्हणाला, "काका, ढेकळांतून चालती ही." वीस पावलांवर मागची चाकं अर्धी बुडाली. जितकी रेस दिली तितकी अजून खाली. पाणी पुढे सरकायला लागलं.

आणि आत्या एकदम वेगळ्याच झाल्या. पदर खोचला, सीटखालचा कोयता काढला. "रेस बंद कर आधी! पाचट घालावं लागतंय चाकाखाली." पाचट कुठलं, पण माडाखाली वाळल्या झावळ्या पडल्या होत्या. त्यांनी सपासप तोडून त्या चाकांखाली अंथरल्या. उसाची गाडी चिखलातून काढायची अशीच, हे मला नवऱ्याने नंतर सांगितलं. तरी गाडी हलेना. काका म्हणाले, "ते पिंप रिकामं करा, त्याचाच भार आहे."

सगळे आत्यांकडे बघायला लागलो. लाट चाकापासून हातभर राहिली होती.

त्यांनी तांब्या भरला, आधी मला पाजला, मग लेकाला, मग काकांना, मग स्वतः प्यायल्या. आणि स्वतःच्या हाताने टिपाड आडवं केलं. आमच्या विहिरीचं गोडं पाणी वाळूत गेलं आणि बिळांतून खेकडे बाहेर पडून सैरावैरा पळाले. ते बघून आत्यांना हसू फुटलं. त्यांचं हसू बघून आम्हाला. हसत हसतच ढकलली गाडी, आणि ती निघाली.

दुसऱ्या सकाळी काकांनी हाक मारली. जाळीत पिल्लं बाहेर आली होती. बघ्यांसाठी बांधलेल्या दोरीपलीकडे ओल्या वाळूवर सोडली, हाताच्या तळव्यात मावतील एवढी, वल्ह्यासारखे पाय मारत समुद्राकडे निघालेली. एक भलतीकडेच वळलं. आत्या लगेच उठल्या, दोरीखालून हात घातला.

"मावशी, हात लावायचा नाही," काका म्हणाले. "त्यांचं त्यांनीच चालायचं. तेव्हाच ती वाट लक्षात ठेवतात. आपण फक्त बघायचं."

आत्यांचा हात तसाच थांबला. त्यांनी हाताकडे बघितलं, पिल्लाकडे बघितलं. मग वाळूत फतकल मारली. पिल्लू वळलं, पडलं, पुन्हा निघालं. एक लाट आली आणि त्याला घेऊन गेली. आत्या "गेलं! गेलं गं बाई!" म्हणून टाळ्या वाजवत होत्या. शेवटचं पिल्लू गेलं, लोक पांगले, काकांनी दोरी गुंडाळली. आत्या उठल्या नाहीत. ऊन चढलं. चहा झालाय म्हणून सांगायला मी दोनदा जाऊन आले.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. आत्या कायम स्पीकरवर बोलतात. तोडीवरची जुनी जोडीदारीण होती.

"काय करायलीस गं?" तिने विचारलं.

"काय न्हाई," आत्या म्हणाल्या. "बसलेय."

ती काळजीने म्हणाली, "का गं? बरं न्हाई का?"