किल्ल्या पेत्राच्या, ताप विहीणबाईंना

रविवारी चर्चमध्ये मिस्सा आटोपून आम्ही तडक मच्छे गावी गेलो. माझ्या भाचीच्या, प्रिसिलाच्या लग्नाची बोलणी होती... मुलगा सुहास, तिथल्याच कारखान्यात कामाला, स्वभावानं गुणी. दोघं कॉलेजपासून एकमेकांना पसंत.

अडचण एकच. आम्ही कॅथलिक, ते प्रॉटेस्टंट. लग्न कुणाच्या देवळात लावायचं ते आज ठरलं नाही तर सोयरीक मोडली समजा, असं अण्णानं निघतानाच बजावलं होतं. अण्णा म्हणजे माझा मोठा भाऊ, प्रिसिलाचा बाप.

आता माणसानं आधी पोरांचं बोलावं की नाही? पण सुहासचे वडील रिटायर्ड मास्तर. पोहे यायच्या आधीच त्यांनी विषय काढला... "तुमच्या पोपला अधिकार शास्त्रात कुठं दिलाय, तेवढं दाखवा. मग खुशाल तुमच्या देवळात लग्न लावू."

झालं. अण्णाला तेच हवं होतं.

"स्वर्गाच्या किल्ल्या प्रभूनं आपल्या पट्टशिष्याच्या, पेत्राच्याच हातात दिल्या का न्हाय? मग त्याच्या गादीवर जो पोप बसंल, त्याच्याकडंच त्या असणार की."

"पेत्राला दिल्या, व्हय. पण त्याच्या मागनं कुणाला द्यायच्या, ती ओळ दाखवा. आणि प्रेषित पौलानं पेत्राला तोंडावर सुनावलं, ते विसरलासा काय?"

"बाप चुकला म्हणून बापपण जातंय व्हय? 'माझी मेंढरं राख' असं प्रभूनं कुणाला सांगितलं मग?"

खोटं कशाला बोलू, अण्णाचा मुद्दा मला पटत होता. मास्तरांचाही अगदीच टाकाऊ नव्हता. पण ही काय वेळ होती? कोपऱ्यात पोरगी ओढणीचं टोक पिळत बसलेली, सुहास जमिनीकडे बघतोय... आणि हे दोघं पोथ्या उघडून रोमला पोचलेले. माझं डोकं तापायला लागलं.

बरं, वाद घालून घसा कोरडा पडला की आतल्या दाराकडे बघून "चहा" म्हणायचं. विहीणबाई, म्हणजे सुहासची आई, मुकाट्यानं चहा आणायच्या. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा प्रिसिला ट्रे घ्यायला उठली आणि त्यांचा हात हाताला लागताच तशीच थांबली.

"काकू, अंग भाजतंय की तुमचं."

"कालपासनं जरा कणकण हाय गं. पावणे येणार म्हणून बोललो न्हाय कुणाला..."

प्रिसिलानं ट्रे माझ्याकडे दिला, त्यांना धरून आत नेलं, झोपवलं. सुहास गोळी शोधायला धावला. आणि बाहेर? बाहेर पुन्हा किल्ल्या. शपथेवर सांगते, दोघांपैकी एकाचंही वाक्य तुटलं नाही.

मग मात्र माझा तोल गेला. ट्रे दाणकन टेबलावर ठेवला.

म्हटलं, ज्या पेत्रासाठी भांडताय, त्याच्या सासूलाही ताप आला होता. प्रभू त्याच्या घरी आला तेव्हा आधी तिच्या अंथरुणापाशी गेला. ते लिहिलंय ना तुमच्या दोघांच्याही शास्त्रात? किल्ल्यांची गोष्ट त्यानंतर कितीतरी पानांनी येते... तुम्ही मात्र थेट तिथूनच वाचायला सुरुवात केलीत.

तेवढ्यात आतून विहीणबाईंचा आवाज आला, बारीक पण स्पष्ट.

"पोरीच्या देवळात लावा लग्न. आपला पाळक येऊन आशीर्वाद दील. मला ही पोरगी घरात पायजे, बाकी तुमचं पोपचं सावकाश चालू दे."

मास्तरांनी कप खाली ठेवला. मग "बरं" म्हणाले. अण्णानंही मान हलवली. नंतर मास्तर स्वतःच चहा करायला स्वयंपाकघरात गेले, मागोमाग अण्णा. साखरेचा डबा कुठला, यावर आतून नवा वाद ऐकू आला. चहा भयंकर गोड झाला होता... मी सगळा प्यायले.

बायबलच्या शुभवर्तमानातल्या त्या प्रसंगातली एक गोष्ट मला लहानपणापासून खटकते. प्रभूनं ताप उतरवल्याबरोबर पेत्राची ती सासू उठते आणि सगळ्यांची सेवा करायला लागते. कुणी तिला म्हणत नाही, बाई, आजचा दिवस पडून राहा.

काल विहीणबाईंचा फोन आला, ताप उतरला म्हणून. देवाचे आभार मानले आणि त्यांना सांगितलं... उतरला असला तरी लगेच उठू नका.