ठोकळ्यावरची लोकर

मल्हारीच्या नजरेचं कौतुक शेंद्र्यात लहानपणापासून. बाप मेंढरं राखायचा, आणि मेंढरं बोट लावून मोजायची नाहीत, दृष्ट लागते, असा घरचा कायदा. लांबून नजर फिरवायची अन् आकडा सांगायचा. दोनशेत एक कमी असली तरी हे पोरगं बरोबर ओळखायचं. पुढं रानं आकसली, मेंढरं गेली आणि मल्हारी चिकलठाण्याच्या कारखान्यात लागला. तिथंही नजरच कामी आली. देवानं दुसरं दिलं होतं काय!

कारखान्यात तोफगोळ्याच्या फ्यूजचे पितळी नग बनायचे. गोळा कधी फुटायचा ते फ्यूज ठरवतं. त्यात केसाएवढी चूक राहिली तर गोळा आपल्याच जवानाच्या तोंडावर फुटायचा. म्हणून मिलिटरीचं काम कडक. मल्हारीकडं प्रोजेक्टर होता. अंधाऱ्या, गारठलेल्या खोलीत एवढ्याशा ठोकळ्यावर नग ठेवायचा, मागून उजेड सोडायचा, की समोरच्या काचेवर त्याची पन्नासपट मोठी सावली पडायची. सावली नकाशाच्या रेघेवर बसली की नग पास. हात लावायचा नाही, घामानं पितळ डागतं. उचलायचा तोही चिमट्यानं.

बारा वर्षं हेच. डोळ्यांत सदा वाळू गेल्यासारखं व्हायचं, एसीनं गुडघे आखडायचे. सुगंधाबाईनं, त्याच्या बायकोनं, स्वतः कातलेल्या लोकरीची घोंगडी तो खांद्यावर घेऊन बसायचा. त्या खोलीत लोकर आणायची नाही असा नियम होता. पण म्हाताऱ्या माणसाला कोण बोलणार?

त्र्याण्णवचा डिसेंबर. विद्यापीठाच्या नामांतरावरून शहर तापलेलं. लेथवरचा कचरू सहा वर्षं टेंपरवारी होता, जानेवारीत त्याला कायमची ऑर्डर मिळणार होती. हाताला सफाई अशी, की त्याचा नग कधी परत आला नव्हता. त्या आठवड्यात एक दिवस रजा टाकून तो क्रांती चौकातल्या नामांतराच्या मोर्चाला गेला, आणि कारखान्यात कुजबुज सुरू झाली. "घोषणा देणाऱ्याचं कामात कशाला ध्यान असंल?" मल्हारीनं ते ऐकलं. आणि ते त्याच्या मनात राहिलं.

दुसऱ्याच दिवशी कचरूचा तीनशे नगांचा लॉट आला. मल्हारीनं नमुन्याचा पहिला नग लावला, तर सावलीच्या कडेला बारीक वाकडी रेघ. ही बर, म्हणजे कापताना कडेला सुटलेलं पितळेचं टोक. दुसऱ्या नगाला तिथंच. तिसऱ्याला तिथंच. एकाच जागी म्हणजे हत्यार बोथट, म्हणजे कामगार बेपर्वा. झालं, लॉट रिजेक्ट.

कचरू धावत आला. "मल्हारीमामा, एकदा बोट फिरवून बघा की. बर असंल तर लागंलच."

"हात लावायचा नाय. मशीन खोटं बोलत नाय, बाबा."

मोर्चापासून सुपरवायझर काकासाहेबांना निमित्तच हवं होतं. संध्याकाळी कचरूला सांगितलं, उद्यापासून येऊ नको.

चार दिवस दुसरा लॉट आलाच नाही; मग मल्हारीनं महिन्याच्या रिवाजाप्रमाणं मास्टर नग लावला. हा नग मशीन तपासायला ठेवलेला, त्यात खोट असूच शकत नाही. आणि त्याच्याही कडेला तीच रेघ! मल्हारीनं सहज फुंकर मारली. रेघ हलली. पितळेची बर फुंकरीनं हलत नसते हो! त्यानं ठोकळा उजेडात धरला. सुगंधाबाईच्या लोकरीचा एक केस चिकटला होता.

तो रिजेक्ट मालाच्या लाल पेटीकडं गेला. कचरूचा एक नग काढला, आणि बारा वर्षांत पहिल्यांदा नगावरून अंगठा फिरवला. कशी गुळगुळीत कड! रेघ दिसायच्या आधीच आपण कचरूला नापास केलं होतं, हे त्याला कळलं, आणि स्वतःची लाज वाटली.

काकासाहेब ऐकून घेऊन म्हणाले, "गप बस. गेला तो गेला. दीड वर्षात रिटायर व्हशील, कशाला उलटी गंगा?"

रात्रभर नव्हे, पुरते तीन दिवस मल्हारी गपच बसला. खोटं कशाला सांगू, दीड वर्ष त्यालाही प्यारं होतं. चौथ्या दिवशी मिलिटरीचा इन्स्पेक्टर आला, तेव्हा मल्हारीनं घोंगडी आणि ठोकळा त्याच्या टेबलावर ठेवला. "साहेब, लॉट चांगलाय. चूक माझी."

मल्हारीला पॅकिंगला टाकलं. कचरूला परत घ्यायचं ठरलं, पण टेंपरवारीच, आणि मागची सहा वर्षं पुसून नोकरी पहिल्या दिवसापासून धरायची.

हे सांगायला रविवारी मल्हारी सायकल हाणत हर्सूलला कचरूच्या घरी गेला. कचरूनं सगळं ऐकलं.

"म्हंजे परत सहा वर्षं?"

"व्हय."

"मामा, तवा एकदा हात लावून बघितलं असतं, तर काय झालं असतं?"

"काय नसतं झालं," मल्हारी म्हणाला.

कचरू उठला, खुंटीवरचा कारखान्याचा सदरा काढला, झटकला.

"उद्या कोणती पाळी?"

"पहिली."