फणसाला बांधलेला पार

कुडाळला आमच्या बांधकाम कचेरीच्या दारात एक फणस होता. मी तिथे ओव्हरसियर म्हणून रुजू झालो तेव्हा तो दोन माणसांच्या कवेत जेमतेम मावायचा. फळ रसाळ, मऊ बिलबिलीत गऱ्यांचं, म्हणजे कडक गऱ्यांचा कापा खाणाऱ्यांनी नाक मुरडावं असं. पण वैशाखात पहिला फणस फोडला की सगळ्यात आधी तेच हात पुढे करायचे. साहेबांच्या टेबलावरच्या फायलींना कितीतरी दिवस चिकाचा वास यायचा.

त्याच्या सावलीत एक मासेवाली बसायची. सकाळच्या एस.टी.नं मालवणहून यायची, बांगडे-पेडव्यांची पाटी खाली ठेवायची आणि दुपारपर्यंत विकून परत जायची. तिच्या पाटीवर झाकायला ओला फडका आणि फणसाची सावली, एवढंच होतं. उन्हात मासळी तासभर टिकत नाही, हे आमच्याकडे पोराटोरांनाही ठाऊक असतं. मला मात्र पुढे ते आठवलं नाही. किंवा आठवलं आणि मी ते बाजूला ठेवलं, हेच खरं.

जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि वरचे अधिकारी वरचेवर यायला लागले होते. एकदा एका मोठ्या साहेबांची जीप आमच्या अंगणातल्या चिखलात रुतली. आमच्या साहेबांनी मला बोलावून सांगितलं, ‘पावसाळ्याआधी सगळं अंगण पक्कं करा.’ मी तरुण, हातात पहिलंच स्वतंत्र काम. नुसतं काँक्रीट घालून कसं चालेल? झाडाचा मान राखायला हवा. आमच्याकडे झाडाचा मान राखायचा म्हणजे त्याला पार बांधायचा. देवळापुढच्या पिंपळाला असतो तसा मी फणसाला चौकोनी पार आखला. जांभ्या चिऱ्यांची कंबरभर भिंत, आत मुरूम-माती दाबून भरायची, वर सिमेंटची घोटाई थेट बुंध्यापर्यंत.

गवंडी म्हातारा होता. थापी हातात धरून तो जरा थांबला. ‘सायबानू, बुंध्याभोवती हातभर जागा मोकळी सोडूया काय? बुंधो असो पुरलेलो फणसाक सोसाचो नाय.’

‘मोकळी ठेवलंय तर थंय विड्यांची थोटकां जमतली,’ मी म्हणालो. ‘भर तू.’

त्यानं भरलं. मी वर गेरू-चुन्याचे पट्टेही मारून घेतले. काय दिमाखदार दिसला तो पार! साहेबांनी पाठ थोपटली, येणारेजाणारे टेकायला लागले. मासेवालीनं पाटी पारावर ठेवून हातानं गुळगुळीत सिमेंट चाचपलं आणि म्हणाली, ‘बरा केलास रे बाबा, झाडाक घर बांधलंस.’ मला त्या दिवशी जेवण गोड लागलं.

पुढच्या वर्षी फणस धरले, पण नारळाएवढे होऊन गळून गेले. त्याच्या पुढच्या वर्षी पानं पिवळी पडली आणि शेंड्याच्या फांद्या वाळल्या. काय झालं आहे हे मला कळलं होतं. वर काँक्रीट, गळ्याशी दाबलेली माती, खाली ना पाणी ना वारा. एक पहार आणि दोन माणसं असती तर दिवसभरात तो पार फोडून बुंधा मोकळा करता आला असता. पण आपणच बांधलेला पार आपणच फोडायचा, तोही साहेबांनी कौतुक केलेला! माझी जीभ रेटेना.

साहेबांनी लेखी अहवाल मागितला. मी लिहिलं, ‘सदर वृक्षाच्या मुळाशी मासळीचे खारे पाणी सातत्याने मुरल्याने वृक्ष सुकत असल्याचे दिसून येते. सबब मासेविक्रीस आवारात मनाई करावी.’ मुरल्याने! जिथं मी पावसाचा थेंबसुद्धा मुरणार नाही असं सिमेंट घोटून घेतलं होतं, तिथं मी खारं पाणी मुरवलं. साहेबांनी खाली सही केली. कोणी एक प्रश्न विचारला नाही.

तो कागद तिला वाचून दाखवायचं कामही माझ्याकडेच आलं. कचेरीतलं मराठी तिला नीट कळेना, म्हणून मी मालवणीत समजावलं. वाटलं होतं ती भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं. मासेवालीच्या तोंडाला लागून मी हरलो असतो, आणि कदाचित सुटलो असतो. ती भांडली नाही. वाळलेल्या शेंड्याकडे बघत म्हणाली, ‘माडाक आमी मासळीचाच पाणी घालतो रे. फणसाक चलत नाय, ह्या माका कोणी सांगूक नाय.’ मग पाराकडे वळून, ‘आता गोडा पाणी घातलंय तर ता झाड वाचतला काय?’

‘घाल गे मावशे. बघूया,’ मी म्हणालो. तो अहवालापेक्षाही मोठा गुन्हा होता.

दुसऱ्या दिवसापासून ती रस्त्याच्या कडेला, गटाराशेजारी उन्हात बसायला लागली. तिथं मासळी लवकर मऊ पडायची, गिऱ्हाईक नाक धरून पुढे जायचं. पण बसायच्या आधी ती कचेरीमागच्या विहिरीवरून कळशी भरून आणायची आणि पारावर ओतायची. माझी खुर्ची खिडकीशी होती. पाणी सिमेंटवरून पसरायचं, चिऱ्यांवरून खाली ओघळायचं आणि काँक्रीटवरून गटाराकडे निघून जायचं. ती पारावर चढून कडेला जाणारं पाणी पायानं अडवायची आणि परत बुंध्याकडे ढकलायची. रोज. मी फायलीत डोकं घालायचो. मला लाज वाटायची, आणि लाज वाटते म्हणून तिचा रागही यायचा.

फणस मेला. तोडायला माणसं आली तेव्हा आधी पार फोडावा लागला. मातीखाली गाडलेल्या बुंध्याची साल कुजून काळी पडली होती आणि बोट लावलं की गळून येत होती. मातीच्या रेषेच्या वर लाकूड धड होतं, खाली लगदा. चिरे काढायला तोच म्हातारा गवंडी होता. त्यानं ती रेषा बघितली, मग माझ्याकडे बघितलं, आणि चिरे रचायला लागला.

त्याच जागेवर मी करंज लावला. या खेपेला चारी बाजूंनी दोन-दोन हात काँक्रीट फोडून घेतलं, बुंध्याशी माती चढू दिली नाही, वर नुसती मोठी खडी पसरली, आणि अंगणाचं पाणी झाडाकडे वळेल असा उतार दिला. करंज बघता बघता वाढला. साहेब बदलले, जुना कागद कोणाच्या लक्षात राहिला नाही, आणि सावली पडायला लागली तशी मीच जाऊन तिला बोलावलं. वाटलं, तेवढ्यानं फिटेल.

ती आली, सोबत सून घेऊन. आता पाटी सून उचलायची. सुनेनं मासळी धुतलेलं पाणी खडीवर टाकायला भांडं तिरकं केलं, तशी म्हातारीनं तिचं मनगट धरलं.

‘हयसर वतू नको गो! आधीचो फणस माझ्या हातान मेलो. एवढो मोठो फणस. ह्या सायबाक विचार, त्यांका म्हायत आसा.’

सुनेनं भांडं हातात तसंच धरून माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली.